नकाशावरचा एक लाल ठिपका

उस्तादांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि त्यावरून कुणी चेष्टा करायच्या आत ते स्वतःच करून मोकळे होत. "माझ्या सगळ्या केसेसचा निकाल लागलाय," असं म्हणत ते गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळत, "आता तुमच्या चालवायच्या." नदीकाठच्या त्या गल्लीत दोन पिढ्यांनी हा विनोद ऐकला होता, तरी खुर्चीतला माणूस हसायचाच. वस्तरा हातात असलेल्या माणसाच्या विनोदाला न हसून चालतंय कुठे!

दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि भिंतीला लागून एक बाकडं. एक खुर्ची वरखाली व्हायची. दुसरी हट्टाला पेटल्यासारखी एकाच उंचीवर अडून बसली होती. बाकड्यावर केस कापायला आलेली माणसं कमी आणि नुसती टेकायला आलेली जास्त. दुकानामागे एक खोली होती, तिच्यात उस्ताद राहत. बायको आजारपणात जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात होती, रविवारी फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." आणि मग "ठेवू का?"

पण दिवसभर माणसांच्या डोक्यावरून हात फिरवणाऱ्याला कुणी एकटा म्हणत नाही. उस्तादही स्वतःला म्हणत नसत. शिवाय समोरच ताई होती. त्यांची थोरली बहीण गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, सायकलच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायची. खालचं दुकान तिच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं. गल्ली इतकी अरुंद, की ताईने गॅलरीतून "जेवायला ये रे" म्हटलं की उस्ताद बोलत नसत, नुसती कात्री वर करून दाखवत. एवढं डोकं उरकलं की आलोच. रात्रीचं जेवण कायम तिच्याकडे. जेवताना दाजी आणि उस्ताद एकमेकांच्या धंद्याची टर उडवायचे आणि ताई दोघांनाही गप्प करायची.

नदी गल्लीच्या तोंडाशी होती. अधूनमधून ती पायऱ्या चढून वर यायची, उंबरे ओले करायची आणि परत जायची. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. मग एका वर्षी ती आली ती थांबलीच नाही.

त्या दिवशी सकाळी उस्ताद गुरुजींच्या घरी होते. गुरुजी म्हणजे गल्लीतल्या निम्म्या लोकांना शिकवलेले म्हातारे मास्तर. कमरेखालून लुळे पडलेले, तळमजल्यावरच्या खोलीत खाटेवर. उस्ताद एक दिवसाआड त्यांची दाढी करायला जात. अर्धी दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर फेस तसाच होता, तेवढ्यात दारातून पाणी आत आलं. गुरुजींची सून स्वयंपाकघरातून धावत आली. दोघांनी मिळून गुरुजींना उचलून जिन्याकडे न्यायचा प्रयत्न केला, पण अंग सोडलेला माणूस फार जड होतो. शेवटी त्यांना टेबलावर बसवलं. पाणी टेबलावर आलं तेव्हा उस्तादांनी त्यांना पाठीमागून काखांत हात घालून धरलं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. पाणी छातीपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. सून जिन्याच्या पायरीवरून मदतीसाठी ओरडत राहिली. दुपार कलल्यावर नाव आली.

एवढ्या वेळात गुरुजी एकदाच बोलले. म्हणाले, "हात दुखला असेल तुझा. सोड आता."

उस्तादांनी सोडलं नाही. पण तेवढ्या वेळात पाण्याचा गारठा म्हाताऱ्याच्या छातीत शिरायचा तो शिरलाच. काही दिवसांनी दवाखान्यातच ते वारले. उरलेली अर्धी दाढी उस्तादांनी तिथे, त्या लोखंडी कॉटवर केली. नर्सने पाण्याचं भांडं धरलं होतं. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यानंतर उस्तादांना झोपेत कधीकधी खांद्यावर वजन जाणवायचं. जागे झाले की ते खांदा चोळत बसायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर काय सांगणार?

पूर ओसरला, भिंतींवर मातीची रेघ राहिली, आणि पुढच्या वर्षी पालिकेने हवामान बदलाचा आराखडा करायला घेतला.

गल्लीत आधी त्याची थट्टाच झाली. चौकात फलक लागले, 'बदलत्या हवामानासाठी आपलं शहर, आपला आराखडा'. दाजी वाकड्या झालेल्या चाकाचा आऊट काढता काढता म्हणाले, "हवामान बदलणार म्हणे! आमच्या घरचं हवामान तासातासाला बदलतं, त्याचा कुणी आराखडा काढला का?"

"ऐकू येतंय हं मला," गॅलरीतून ताई म्हणाली.

"बघा, ढग आलेच."

सगळी गल्ली हसली. उस्तादांच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान त्या हसण्यात थोडक्यात वाचला.

पण ज्या बाई आराखड्यासाठी आल्या, त्यांची थट्टा फार दिवस चालली नाही. वयाने तरुण, अंगाने बारीक, पायात चिखल तुडवायचे रबरी बूट. पालिकेच्या नोकरीत नवीन होत्या. लोक त्यांना आराखडेवाल्या बाई म्हणू लागले. त्या ऑफिसात बोलावत नसत, स्वतः येत. दुकानादुकानांत बसत आणि विचारत. दुपारी ऊन कुठे सोसवत नाही? पाऊस पडला की पाणी आधी कुठे तुंबतं? म्हाताऱ्या माणसांना बसला थांबायला सावली आहे का? उस्तादांच्या बाकड्यावर त्या दोन दुपारी बसल्या. माणसं आधी आडवळणाने बोलली, मग थांबेचनात. शाळेच्या हॉलमध्ये बैठका झाल्या, तिथे चहा-बिस्किटं असायची. कुणी झाडं सुचवली, कुणी गटारं, कुणी म्हणे उन्हाच्या दिवसांत शाळा सकाळची करा. उस्तादांनी बसथांब्यावर सावली आणि बाकं मागितली, आणि खरोखरच त्या कागदावर ती आली. दाजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आमचा मेहुणा शहर चालवायला लागला!"

त्या दिवसांत उस्ताद खुशीत होते. आपण बोललेलं कुणीतरी लिहून घेतं, हे त्यांना नवीन होतं.

शेवटची बैठक नदीची होती.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर गल्लीचा मोठा नकाशा होता. त्यात प्रत्येक घर ओळखू येत होतं. बाईंनी तीन मार्ग सांगितले. एक, नदीला उंच भिंत. दोन, घरं आहेत तिथेच राहतील, पण तळमजले रिकामे करून वर सरकायचं. तीन, ही गल्ली नदीला मोकळी करून द्यायची आणि सगळ्यांनी वरच्या माळावरच्या नव्या वस्तीत जायचं, घराच्या बदल्यात घर, दुकानाच्या बदल्यात दुकान. प्रत्येकाच्या हातात एकेक चिकटवायचा ठिपका येणार होता. भिंतीला निळा, वर सरकण्याला हिरवा, जाण्याला लाल. ज्याने त्याने आपल्या घरावर लावायचा.

"एक गोष्ट लपवणार नाही," बाई म्हणाल्या. "भिंत एका उंचीपर्यंतच वाचवेल. त्यावरून पाणी आत आलं, तर तीच भिंत ते बाहेर जाऊ देणार नाही. आणि पाऊस पुढे वाढणार आहे, कमी होणार नाही."

पण लोकांनी भिंत एवढंच ऐकलं. दाजी उठले. सायकलीच्या तेलाने काळे झालेले हात त्यांनी मुद्दाम धुतले नव्हते. "माझ्या बापाने हे दुकान टाकलं तेव्हा इथे दिवे नव्हते," ते म्हणाले. "आम्ही या गल्लीत जन्मलो, इथेच मरणार. भिंत बांधून द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ." टाळ्यांनी हॉल दणाणला. उस्तादांनीही सवयीने टाळ्या वाजवल्या. मग ते थांबले, आणि का कोण जाणे, उभे राहिले.

त्यांना भाषणाची सवय नव्हती. खुर्चीतल्या माणसाशी बोलायची होती, आणि तीही त्याच्या मागे उभं राहून. समोरून एवढे चेहरे बघत ते कधी बोलले नव्हते.

"गुरुजींना मी धरून उभा होतो," ते म्हणाले. "तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना उचलू शकलो नाही. आपल्या गल्लीत असे किती आहेत जे स्वतःच्या पायाने जिना चढू शकत नाहीत, ते मला माहीत आहे, मी त्यांच्या घरी जातो. परत पाणी आलं तर मला पुन्हा कुणाला तरी धरून उभं राहायला लागेल. मला वाटतं... आपण उठावं इथून. सगळ्यांनी मिळून उठावं."

शेजारच्या टेलरने मान खाली घातली आणि बिस्किटाचे तुकडे गोळा करायला लागला. गुरुजींची सून मागच्या रांगेत होती, तिने पदर तोंडाला लावला.

दाजी हसून बोलले, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "तुझं बरं आहे रे. तुला उचलायचंय काय? दोन खुर्च्या नि एक आरसा. मागे ना पुढे कोण. आमचे संसार आहेत इथे."

हशा पिकला. उस्तादांनी ताईकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण तिने नजरही दिली नाही. हातातल्या निळ्या ठिपक्याचा कागद ती नखाने सोलत होती.

ठिपके लावायची वेळ आली. नकाशा भराभर निळा झाला. उस्तादांची पाळी आली तेव्हा त्यांनी लाल मागून घेतला आणि आपल्या दुकानावर नीट दाबून बसवला. हात हलला नाही, वस्तऱ्याचा हात होता तो. एवढ्या निळ्यात तो एकच लाल ठिपका हॉलच्या दारातूनही दिसत होता.

त्या संध्याकाळी गॅलरीतून हाक आली नाही. उस्ताद दिवा लावून दुकानात बसून राहिले. त्यांना वाटलं, उशीर झाला असेल. समोरचा स्वयंपाकघरातला दिवा लागला, भांडी वाजली, दिवा मालवला. मग त्यांनी मागच्या खोलीत चहा केला आणि बिस्किटांबरोबर प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, आज ताई स्वतः खाली येईल. तीही आली नाही. काही दिवसांनी त्यांनी एक छोटा कुकर आणला.

दुकानात आधी बाकडं रिकामं झालं. टेकायला येणारे येईनासे झाले. मग खुर्च्याही. चौकात एक नवीन सलून निघालं होतं, काचेच्या दाराचं. इतके दिवस तिथे गल्लीतलं कुणी फिरकत नव्हतं. आता माणसं उस्तादांच्या दुकानासमोरून, केस वाढलेले असताना, तिकडे जायची आणि कापून त्याच रस्त्याने परत यायची. भांडण कुणी केलं नाही. शिवी कुणी दिली नाही. भांडण झालं असतं तर निदान दोन शब्द तरी कानांवर पडले असते. शेंबडी पोरं मात्र "लाल ठिपकाऽ" म्हणून ओरडून पळायची. पोरांचा उस्तादांना राग नव्हता. दिवसभरात त्यांना उद्देशून बोललेलं तेवढंच असायचं.

तरी ते वेळेवर दुकान उघडत. आरसा पुसत, वस्तऱ्याला धार लावत, वापरलेलंच नसलेलं पांढरं कापड झटकत. हात रिकामे राहिले की काय होतं ते त्यांना तेव्हा कळलं. बोटांना दुसऱ्याच्या डोक्याची ऊब लागायची सवय होती. रिकाम्या बोटांनी ते खुर्चीच्या पाठीवर हळूहळू ताल धरत उभे राहत. आरशात समोरचं सायकलचं दुकान उलटं दिसायचं. तिथे दाजींभोवती घोळका असायचा.

एकदा भर दुपारी, गल्ली पेंगत असताना, टेलर आत शिरला आणि दाढीला बसला. उस्तादांना एवढा आनंद झाला, की फेस नेहमीपेक्षा दुप्पट झाला. टेलरने आरशातून बाहेर कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, "वरच्या वस्तीत दुकानांना रस्त्याकडची जागा देणार आहेत का हो? विचारलंत का तुम्ही?"

उस्तादांचा वस्तरा थांबला. "तुम्हीच विचारा की बाईंना."

"मला काय करायचंय! सहज आपलं."

दाढी झाल्यावर तो मागच्या दाराने गेला.

मग आराखड्याचा मसुदा आला. पालिकेने तो चौकातल्या फलकावर लावला आणि लोकांनी सगळी पानं सोडून नदीचं पान वाचलं. लिहिलं होतं, भिंत टिकाऊ ठरणार नाही. आणि खाली लिहिलं होतं, "काही रहिवाशांनी स्थलांतराची इच्छा व्यक्त केली आहे."

दाजी तडक गल्ली ओलांडून आले. बैठकीनंतर ते पहिल्यांदाच उस्तादांच्या उंबऱ्यात उभे होते. "काही रहिवासी!" ते म्हणाले. "एक माणूस तू, आणि तुझे 'काही रहिवासी' झाले! कागदावर तुझी पोरंबाळं झाली बघ!" त्यांचा आवाज फुटला होता. ते रागावले होते की रडायला आले होते, ते उस्तादांना कळलं नाही. ते "दाजी, बसा तरी," म्हणाले, पण तोवर दाजी वळलेही होते.

उस्तादांनी दुकानाला कुलूप घातलं आणि पालिकेत गेले. बाईंचं टेबल जिन्याखालच्या कोपऱ्यात होतं. गुंडाळलेल्या नकाशांच्या मागून त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं.

"मॅडम, ते खोडा," उस्ताद उभ्यानेच म्हणाले. "काही नाही, एकच. मी एकटाच होतो. तसं लिहा. माझ्या एका ठिपक्यावर सगळ्यांना उठवलं असं नको व्हायला."

बाईंनी त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली. थोडा वेळ त्या नुसत्या पेनाचं टोपण काढघाल करत होत्या.

"तुम्ही एकटे नव्हता," त्या म्हणाल्या. "बैठक झाल्यावर लोक माझ्याकडे आले. एकेकटे. कुणी इथे आलं, कुणी फोन केला, कुणी रस्त्यात गाठलं. प्रत्येक जण म्हणाला, आम्हालाही जायचंय, पण आमचं नाव गल्लीत कळू देऊ नका."

"कोण कोण?"

"ते नाही सांगता येणार. शब्द दिलाय मी त्यांना."

"किती असतील?"

"तुम्हाला वाटेल त्याहून पुष्कळ, काका." त्यांनी आशेने उस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं. "मला वाटलं, ऐकून तुम्हाला बरं वाटेल."

उस्ताद "हो" म्हणाले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि उठले.

बरं वाटायला हवं होतं. पण परतीच्या वाटेवर, पुलावर, ते कठड्याला धरून उभे राहिले. आतापर्यंत ते समजत होते, की आपण चुकीचे असू, लोकांना ते पटत नाही, म्हणून ते लांब राहतात. ते सोसण्यासारखं होतं. आता कळलं, की त्यांना पटत होतं. पटत असून लोकांनी आपल्याला त्या हॉलमध्ये एकटं उभं राहू दिलं. आणि नंतर रस्त्याच्या पलीकडून चालत राहिले.

पुढचे काही दिवस त्यांनी फार वाईट काढले. दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे ते बघत. हा गेला असेल का बाईंकडे? ती? दूधवाला? पोस्टातला कारकून? एकदा ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिच्याकडेही त्यांनी तसंच पाहिलं, आणि स्वतःचीच त्यांना शरम वाटली. सख्ख्या बहिणीकडे चोरासारखं बघायची पाळी आली म्हणजे आता पुरे, असं त्यांनी ठरवलं. कुणाला काही बोलले नाहीत. बाईंनी दिलेला शब्द त्यांनीही पाळला.

आराखडा मंजूर झाला, वरच्या वस्तीतली घरं तयार झाली. ज्यांना जायचंय त्यांनी अर्ज करा, असं पालिकेने कळवलं. गल्लीतून एकही अर्ज गेला नाही. पहिलं कोण जाणार, असं प्रत्येकाचं झालं होतं. तेव्हा उस्तादांनी केला. त्यांच्यापाशी गमावण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

टेम्पो आला त्या सकाळी गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या, पण खाली कुणी उतरलं नाही. ड्रायव्हर आणि उस्ताद, दोघांनी आरसा चादरीत गुंडाळून चढवला. वरखाली होणारी खुर्ची मात्र दोघांना पेलेना. तिचं बूड ओतीव लोखंडाचं. तेवढ्यात समोरून दाजी आले. कुणाकडे न बघता त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली. "उचल," म्हणाले. उस्तादांनी दुसरी बाजू धरली. खुर्ची चढली. दाजींनी हात लेंग्याला पुसले आणि ते परत जाऊन चाकाशी बसले.

ताई जिना उतरून आली होती. "चाललास?"

"चाललो. येशील?"

तिने मागे वळून दुकानाकडे पाहिलं. हातोडीचा आवाज चालू होता. "ते आहेत ना," ती म्हणाली. मग तिने उस्तादांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, लहानपणी शाळेत पाठवताना लावायची तसं, आणि वर निघून गेली.

वरची वस्ती नीटनेटकी होती. सरळ रस्ते, दोन्हीकडे कमरेएवढी रोपं, एकसारखी घरं, त्यांच्या एकसारख्या बंद दारांना नव्या रंगाचा वास. पाण्याची भीती नव्हती. कसलीच नव्हती. वारा मात्र फार होता. सगळ्या वस्तीत राहायला आलेले उस्ताद एकटे. गिऱ्हाईक म्हणजे शेवटच्या थांब्यावरचे बसवाले, आणि मागच्या रांगा बांधणारे गवंडी. ते गवंडी दमलेले असत आणि दाढी करता करता झोपत. उस्ताद त्यांना झोपू देत, आणि काम झाल्यावरही थोडा वेळ उठवत नसत. दुकानात कुणीतरी श्वास घेतंय, तेवढंच.

रविवारी मुलगी म्हणायची, "बाबा, इकडे या ना राहायला."

"दुकान कसं सोडू? एवढी गर्दी असते," ते सांगत, आणि फोनमधून तिला वाऱ्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेत.

संध्याकाळी माळाच्या कडेला उभं राहिलं की खाली गल्ली दिसायची. दिवे लागायचे. ताईच्या गॅलरीतला दिवा त्यांना ओळखू यायचा. तो थोडा पिवळट होता. तो लागला की ते घरी येऊन कुकर लावत.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा वर आली. आराखड्याप्रमाणे बसवलेला पुराच्या इशाऱ्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला. या वेळी पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन, जणू विचार बदलून, परत गेलं. कुणाला खरचटलंही नाही. पण भोंग्याने काम केलं. त्या दिवशी जिन्यावर बसून पाण्याकडे बघत घालवलेले तास लोकांच्या पोटात राहिले. महिन्याभरात पहिला टेम्पो वर आला.

तो टेलरचा होता. मशीन उतरवून झाल्यावर तो पहिला आला तो उस्तादांच्या खुर्चीत. "मी तर आधीपासूनच म्हणत होतो," मान मागे टाकत तो म्हणाला.

"असं?" म्हणत उस्तादांनी त्याच्या गालाला फेस लावला. तोंडालाही थोडा लागला, त्यामुळे पुढचं वाक्य राहून गेलं.

मग गुरुजींची सून आली, दूधवाला आला, आणि एकामागून एक दारं उघडत गेली. सगळे खुर्चीत येऊन बसले, आणि सगळे असे बसले, की जणू परवाच उठून गेले होते. माफी कुणी मागितली नाही. उस्तादांनीही कुणाला ती मागायला लावली नाही. केस कापले, कानामागचे तुकडे ब्रशने झटकले, आरसा मागे धरून दाखवला. काम तेच होतं. फक्त उस्ताद आता काम करताना फारसे बोलत नसत. लोकांना वाटलं, वय झालं.

घरं चिठ्ठ्या टाकून दिली होती, त्यामुळे गल्लीतले शेजारी वस्तीभर विखुरले. रस्ते रुंद. पलीकडच्या घराला हाक मारायची तर ओरडायला लागतं, आणि ओरडणं बरं दिसत नाही, म्हणून माणसं फोन करतात. टेकायला यायचं तर चालत यावं लागतं. बाकडं उस्तादांनी तसंच ठेवलंय, पण त्यावर बहुतेक वेळा छत्र्या असतात.

दाजी सगळ्यांत शेवटी आले. गल्लीत त्यांच्याशिवाय कुणी उरलं नाही, पालिकेची माणसं रिकामी घरं उतरवायला लागली, तेव्हा. त्यांचं घर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला निघालं. खाली आता मोकळं मैदान आहे. पावसाळ्यात नदी येऊन त्यात पसरते आणि तिला कुणी अडवत नाही. आराखडेवाल्या बाई बढती होऊन दुसऱ्या शहरात गेल्या. जाण्याआधी येऊन गेल्या, पण उस्ताद त्या दिवशी दवाखान्यात होते, डोळ्यांच्या तपासणीला. दारात बाईंनी चिकटवलेला निरोपाचा कागद वाऱ्याने उडाला असावा, कारण बाई येऊन गेल्याचं त्यांना टेलरकडून कळलं.

ताई अधूनमधून डबा घेऊन येते. एकदा ती बाकड्यावर बसली असताना उस्तादांनी विचारलं, "ताई, त्या बैठकीनंतर तू गेली होतीस का बाईंकडे?"

ती डब्याचं झाकण लावत होती. ते तिने लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आता कशाला विचारतोस?" ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रविवारी सकाळी दाजी येतात. वस्तीत आता काचेच्या दाराचं दुसरं सलूनही आहे, त्यांच्या घराजवळच, पण ते सायकल मारत इकडे येतात. सायकल भिंतीला टेकवतात, खुर्चीत बसतात आणि डोळे मिटतात. उस्ताद कापड बांधतात, फेस लावतात. दाजींच्या उजव्या गालावर एक जुना वण आहे, तिथे वस्तरा तिरका धरावा लागतो. मान वर करायची असली की उस्ताद हनुवटीला बोट लावतात, दाजी मान वर करतात. त्या घोळकेवाल्या, टाळ्यावाल्या माणसाची त्वचा आता सैल पडली आहे आणि ताणून धरावी लागते. दोघांपैकी कुणी बोलत नाही. सुरुवातीला उस्ताद वाट बघायचे, की आज काही बोलतील. आता बघत नाहीत.

दाढी झाली की दाजी गालावरून उलटा हात फिरवून बघतात, मान हलवतात आणि निघतात. उस्ताद कापड झटकायच्या निमित्ताने दारात येऊन उभे राहतात आणि त्यांच्या पाठीकडे बघतात. वरचे रस्ते लांबलचक आणि सरळ आहेत. माणूस दिसेनासा व्हायला बराच वेळ लागतो.